व्हिटमनच्या दोन विलापिका भिंतीवर मांडताना : कामाच्या नोंदी

३ मार्च

१५ एप्रिलला सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात भिंतीवरचं प्रदर्शन लावायचं आहे. विषय आहे अमेरिकेचा अध्यक्ष अब्राहम लिंकन याच्या मृत्यूवर अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमननं लिहिलेल्या दोन विलापिका आणि त्यांतली प्रतीकं. पहिली 'ओ कॅप्टन! माय कॅप्टन!', २४ ओळींची, बऱ्याच जणांना शाळेत भेटलेली. दुसरी 'व्हेन लायलॅक्स लास्ट इन द डोअरयार्ड ब्लूम्ड' (लायलॅक म्हणजे जांभळ्या, वासाच्या फुलांचं झुडूप), १६ भाग, २०६ ओळी. तिच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. बघायला येणार ते मराठी माध्यमाचे विद्यार्थी, शिक्षक आणि वाचनालयाचे सभासद.

फलकावर मूळ इंग्रजी ओळी आणि शेजारी साधा मराठी गद्य अर्थ, एवढंच. पद्यानुवाद नको असं ठरलं. यमक जुळवायला गेलं की प्रतिमा इकडच्या तिकडे होतात, आणि इथे तर प्रतिमाच दाखवायच्या आहेत. व्हिटमन १८९२ साली गेला, त्यामुळे मूळ मजकुरावर हक्कांची अडचण नाही. मराठी अर्थ मात्र आपला आपण लिहावा, छापील अनुवाद उचलू नये.

संहिता एकाच आवृत्तीतून घ्या. लायलॅकच्या कवितेची १६ भागांची मांडणी व्हिटमनच्या संग्रहाच्या १८८१च्या आवृत्तीपासूनची आहे. आधीच्या छपाईत भाग वेगळे पाडलेले आहेत. इथे निम्मा मजकूर एका ठिकाणाहून आणि निम्मा दुसरीकडून उतरवला गेला, आणि आठव्या भागानंतर अर्थाचे आकडे मूळ ओळींशी जुळेनात. सगळं पुन्हा लावण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

७ मार्च

तारखांची पट्टी तयार. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचा सेनापती जनरल ली याची शरणागती, म्हणजे लिंकनच्या बाजूनं यादवी युद्ध जिंकल्यात जमा. १४ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या रात्री, वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये लिंकनवर गोळी. १५ ला सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी मृत्यू. २१ एप्रिलला शवपेटी घेऊन रेल्वे निघाली, ३ मे रोजी इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला पोचली, ४ मे रोजी दफन.

ही पट्टी दोन्ही कवितांच्या आधी लावायची. विजय आणि मृत्यू यांच्यात सहा दिवसांचंच अंतर आहे हे डोळ्यांना दिसलं नाही, तर 'कॅप्टन'मधली घंटा विजयाची की मरणाची, हा गोंधळ का आहे ते कळत नाही.

नकाशात एक काळजी घ्यावी. वॉशिंग्टन ते स्प्रिंगफील्ड सरळ रेघ मारू नये. गाडी बाल्टिमोर, हॅरिसबर्ग, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, ऑल्बनी, बफेलो, क्लीव्हलंड, कोलंबस, इंडियानापोलिस, शिकागो असा मोठा वळसा घालून गेली. लायलॅकच्या पाचव्या-सहाव्या भागात शवपेटी शेतांतून, गल्ल्यांतून, काळं कापड लावलेल्या शहरांतून जात राहते, ती हीच. नकाशावर सरळ रेघ असेल तर कवितेतला हा संथपणा उगाच वाटतो.

१२ मार्च

'कॅप्टन'साठी तक्ता केला. डावीकडे प्रतिमा, उजवीकडे ती कशाच्या जागी आली ते. जहाज म्हणजे संघराज्य, कप्तान म्हणजे लिंकन, खडतर सफर म्हणजे युद्ध, बंदर म्हणजे युद्धाचा शेवट, मिळवलेलं बक्षीस म्हणजे एकसंध राहिलेला देश. आपल्याकडे याला सांगरूपक म्हणतात आणि हे अगदी पाठ्यपुस्तकातलं सांगरूपक आहे: अंगाला अंग जुळतं. राष्ट्राची नौका आपल्या अग्रलेखांतही रोज कुठे ना कुठे वल्हवली जात असते, त्यामुळे मुलांना समजवायला वेळ लागणार नाही.

तक्ता दोन ठिकाणी अडतो, आणि त्या दोन जागाच दाखवण्यासारख्या आहेत. पहिली जागा दुसऱ्या कडव्यात: घंटा, बिगुल, झेंडा, फुलं, फितीचे हार. या सगळ्या वस्तू स्वागताच्याही आहेत आणि अंत्ययात्रेच्याही. किनाऱ्यावरच्या गर्दीला अजून बातमीच नाही. म्हणून या पाच वस्तूंसाठी उजवा रकाना मधोमध दुभागला, वर 'स्वागत', खाली 'अंत्ययात्रा'. दुसरी जागा म्हणजे कप्तानाला 'बाप' म्हटलं जातं ती. तिथे जहाजाचं रूपक बाजूला पडतं, डेकवर पडलेल्या माणसाच्या डोक्याखाली कुणीतरी हात धरलेला असतो. ती चौकट रिकामी ठेवली. रिकामी चौकट बघून लोक विचारतात, भरलेली वाचून पुढे जातात.

मांडणीबद्दल: प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या चार ओळी आखूड आणि आत सरकवलेल्या असतात. वर्डमध्ये चिकटवताना ही जागा उडते आणि सगळ्या ओळी डाव्या काठाला येतात. मग 'गार, मृत पडलेला' या तीनदा येणाऱ्या ओळीकडे होणारी उतरण दिसत नाही. टॅबनं हातानं सरकवा, स्पेस मारून नको. फॉन्ट बदलला की स्पेसचं गणित बिघडतं.

१८ मार्च

हाच तक्ता लायलॅकच्या कवितेला लावला आणि तो फसला.

'तारा = लिंकन' इथपर्यंत ठीक. 'लायलॅक = ?' या चौकटीत तिघांनी तीन उत्तरं लिहिली: प्रेम, वसंत, पुनर्जन्म. तिन्ही चूक म्हणता येत नाहीत आणि एकही पुरत नाही. कारण कवितेत लायलॅक एका जागी बसत नाही. पहिल्या भागात ते दर वसंतात परत येणाऱ्या दुःखाचं निमित्त आहे. तिसऱ्यात ते शेतघराच्या चुना लावलेल्या कुंपणाजवळचं नुसतं झुडूप आहे, बदामी आकाराच्या पानांचं, आणि कवी त्याची एक फुलती डहाळी मोडतो. सहाव्यात ती डहाळी जाणाऱ्या शवपेटीवर वाहिली जाते. सातव्यात म्हणतो, ही एकट्यासाठी नाही, सगळ्याच शवपेट्यांसाठी आहे. तेराव्यात त्याच फुलाचा वास कवीला धरून ठेवतो, पक्ष्याकडे जाऊ देत नाही. सोळाव्यात तो ते झुडूप अंगणातच सोडतो, पुढच्या वसंतात पुन्हा फुलायला.

म्हणजे 'कॅप्टन'मध्ये प्रतीक ठरलेलं आहे आणि कविता त्याच्याभोवती फिरते. इथे प्रतीकच फिरतं आणि फिरता फिरता त्याचा अर्थ साठत जातो. पहिल्याला तक्ता चालतो. दुसऱ्याला वाट हवी, कुठून निघालं आणि कुठे कुठे गेलं ते दाखवणारी. तक्ता रद्द. सोळाही भाग ओळीनं लावायचे आणि लायलॅक, तारा आणि पक्षी या तीन प्रतीकांचे तीन दोरे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचे.

१९ मार्च

मापं. भिंत २४ फूट, म्हणजे साधारण ७३१ सेंमी. ए-थ्री उभे फलक (२९.७ × ४२ सेंमी), मध्ये १० सेंमी अंतर. अडचण चौदाव्या भागाची: दुसरा भाग अवघ्या ५ ओळींचा आणि चौदावा पन्नासहून जास्त ओळींचा. अक्षर बारीक केलं तर हातभर अंतरावरून वाचता येत नाही. चौदाव्याला दोन फलक दिले. पक्ष्याचं मृत्यूचं गाणं सुरू होतं तिथे तोडला. एकूण १७ फलक, ६६५ सेंमी. दोन्ही बाजूंना ३३ सेंमी उरतात.

सनबोर्ड (छपाई चिकटवायचा हलका फोमचा पुठ्ठा) ५ मिमीचा. ८ × ४ फुटी शीटमधून १६ च तुकडे निघतील, दुसरी शीट घ्या, असं कापणाऱ्यानं सांगितलं. त्यानं फलकाची लांब बाजू ४ फुटी बाजूला लावली होती. ४२ ची बाजू ८ फुटांकडे फिरवली की ५ × ४ = २० निघतात, आणि उरलेल्या ३४ सेंमीच्या पट्टीत आणखी दोन. १७ लायलॅकचे, ३ 'कॅप्टन'चे, एक नकाशा, एक ताऱ्याचा: बरोबर २२. कापणीआधी कागदावर आखून न्या, दुकानात उभ्या उभ्या हिशोब करू नका.

२२ मार्च

कोणत्या भागात काय येतं ते पेन्सिलनं खुणा करत गेलो.

लायलॅक: १, ३, ६, ७, १३, १६.
तारा: १, २, ८, ९, १३, १६.
पक्षी: ४, ९, १३, १४, १५, १६.

खुणा झाल्यावर नुसत्या वाचनात निसटलेली गोष्ट समोर आली. पहिल्या भागात तीन गोष्टींची जोडणी आहे: लायलॅक, तारा आणि 'ज्याच्यावर माझं प्रेम त्याची आठवण'. पक्षी नाही. शेवटच्या ओळींत पुन्हा तिघांची जोडणी येते: लायलॅक, तारा आणि पक्षी. आठवणीच्या जागी गाणं आलं. माणसाचं नाव तर दोन्ही कवितांत कुठेच नाही. लिंकन हा शब्द शोधून सापडत नाही. ही जागा बदलणं हीच या कवितेची वाटचाल आहे असं आमचं मत झालं, आणि पुढची सगळी मांडणी ती दिसावी म्हणून केली. पहिल्या फलकावर तिसऱ्या टाचणीला दोरा नाही, नुसती टाचणी. पक्ष्याचा दोरा चौथ्या फलकावर सुरू होतो.

ढगासाठी काळा दोरा करून पाहिला. ढग ठळकपणे येतो तो दुसऱ्या आणि चौदाव्या भागातच. बाकी सगळीकडे काळा दोरा उगाच लोंबत राहिला. काढून टाकला, त्या दोन फलकांवर फक्त काळी पट्टी.

२६ मार्च

छपाई. मराठी मजकूर युनिकोडमध्ये होता. छपाईच्या दुकानात तो त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला गेला आणि रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसले, 'मृत्यू'चा 'मत्यू' झाला. चार पानं वाया. फाइल फॉन्ट आत बसवलेल्या पीडीएफमध्येच द्या, आणि एक पान काढून ते मोठ्यानं वाचल्याशिवाय बाकीची काढू देऊ नका. व्हिटमनलाही यातून सुटका नव्हती: १८८८ साली 'कॅप्टन'च्या एका छापील पानावर चुका पाहून त्यानं हातानं दुरुस्त करून पाठवली, ते पान वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेलं आहे. त्या कवितेला तो कंटाळलाही होता. लोकांना तेवढीच हवी असायची.

३० मार्च

ताऱ्याचा फलक. कवितेतला पश्चिमेचा तारा म्हणजे शुक्र. स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण वॉशिंग्टन, वर्ष १८६५ टाकून पश्चिमेकडे तोंड करायचं. वातावरणाचा परिणाम चालू ठेवा, नाहीतर भर उजेडातही तारे दिसतात आणि फसगत होते. घड्याळाच्या वेळेपेक्षा सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाची स्थिती धरा; त्या काळी प्रमाणवेळ नव्हती.

मार्चच्या सुरुवातीला, लिंकनच्या दुसऱ्या शपथविधीच्या सुमाराला, शुक्र संध्याकाळी उंच आणि लखलखीत. एप्रिलभर तो खाली खाली येतो. मेच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे दफनाच्याच दिवसांत, सूर्याच्या प्रकाशात बुडतो. 'झुकत चाललेला तारा' हे कवीनं मनानं रचलेलं नाही, त्या वर्षीचं आकाशच तसं होतं. ४ मार्च, १४ एप्रिल आणि ४ मे अशी तीन चित्रं एकाखाली एक लावली, क्षितिजाची रेघ एकाच पातळीवर ठेवून. कुणीही दोन ओळी वाचण्याआधी हे बघतं.

सूचनांच्या डब्यात 'सूर्य मावळला', 'वटवृक्ष कोसळला', 'दीप विझला' अशा चिठ्ठ्या येतात: मराठीत हे का नाही दाखवत? चौकाचौकांतल्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या फ्लेक्सवर हे सगळं आहेच. फरक इतकाच, की त्या प्रतिमा कुणीही मेलं तरी चालतात. लायलॅक, शुक्र आणि पक्षी हे त्या विशिष्ट वसंतातले आहेत. बातमी आली तेव्हा व्हिटमन ब्रुकलिनला आईच्या घरी होता आणि लायलॅक फुललेलं होतं. पुढे लिंकनवरच्या व्याख्यानात त्यानं सांगितलं की त्या फुलांचा रंग-वास आला की तो दिवस आठवतोच.

४ एप्रिल

लायलॅक थंड हवेचं झुडूप, पुण्यात मिळत नाही. जांभळी कागदी फुलं करून पाहिली. ती वाढदिवसाच्या सजावटीसारखी दिसली. शेवटी बकाण निंब. इकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतो, फिकट जांभळे घोस, मंद गोड वास, आणि इंग्रजीत त्याला पर्शियन लायलॅक म्हणतातही. पानं मात्र कडुनिंबासारखी, बदामी नाहीत. कवितेत बदामी पानांवर पुन्हा पुन्हा भर आहे, म्हणून शेजारी गुळवेलीचं पान ठेवलं आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं: हे लायलॅक नव्हे. लिहिलं नाही तर लोक तेच लायलॅक समजून घरी जातात.

फांदी सोसायटीच्या आवारातली, विचारून. सकाळी लवकर काढून लगेच पाण्यात ठेवली तरी दुपारी फुलं गळतात. तीन-चार डहाळ्या राखीव ठेवा. मागच्या हंगामाची पिवळी फळं झाडावर असतात, ती विषारी आहेत. लहान मुलं येणार असतील तर एकूण एक फळ काढून टाका.

८ एप्रिल

पक्षी म्हणजे हर्मिट थ्रश, आपल्या कस्तुरांचा भाऊबंद. कवितेत तो दलदलीत एकटा, आडोशाला राहणारा, राखी-तपकिरी. त्याची माहिती व्हिटमनला निसर्गलेखक जॉन बरोजकडून मिळाली. सह्याद्रीतल्या शीळकरी कस्तुराचा आवाज लावू अशी सूचना होती. तो माणसानं शीळ घालावी तसा गातो, ऐकायला छान, पण प्रदर्शनातला फलक खोटा ठरतो. हर्मिट थ्रशचं गाणं एका लांब स्वच्छ सुरानं सुरू होतं आणि मग बासरीसारखं गिरक्या घेत जातं.

ध्वनिमुद्रण झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावरून. प्रत्येकाचा परवाना वेगळा असतो. 'बदल नको' अशी अट असलेलं घेतलं तर त्यातली किरकिर काढणंसुद्धा चालत नाही. बदलाची मुभा असलेलं शोधा आणि मुद्रण करणाऱ्याचं नाव फलकावर द्या.

स्पीकर आधी चौथ्या फलकाजवळ ठेवला होता. तिथून आवाज इतका मोठा येई की चौदाव्यापर्यंत कानाला सवय होऊन जाई. स्पीकर चौदाव्याखाली नेला. आता चौथ्याशी आवाज पुसट, नवव्याशी जवळ, चौदाव्याशी पुरता. कवितेतही पक्षी असाच आधी लांबून ऐकू येतो आणि कवी त्याच्याकडे उशिरा जातो. एप्रिलमध्ये पंखे बंद ठेवता येत नाहीत. पंख्याची घरघर खालच्या पट्टीतली आणि पक्षी वरच्या पट्टीतला, त्यामुळे छोटा स्पीकर पुरतो. बास कमी करा.

चौदाव्याच्या दुसऱ्या फलकासाठी एका विद्यार्थ्यानं रेडा आणि पाश घेतलेला यम काढून आणला. चित्र उत्तम, पण जागा चुकीची. त्या गाण्यात मृत्यू म्हणजे हलक्या पावलांनी जवळ येणारी सावळी आई आहे. यमाचं चित्र दाराजवळ लावलं, 'आपल्याकडे मृत्यू असा' म्हणून.

१३ एप्रिल

उभारणी. डिस्टेंपरवर डबल टेप धरत नाही. पश्चिमेची भिंत तापली आणि दुपारी फलक पोपडे घेऊन खाली आले. खिळे ठोकायला परवानगी नाही. जुन्या सभागृहांत थोरांच्या तसबिरी टांगायला वर लाकडी पट्टी असते, ती इथेही आहे. तिथून प्रत्येक फलक दोन नायलॉन दोऱ्यांनी टांगला. एका दोरीवर फलक गिरकी घेतो.

दोऱ्यांसाठी लोकर आणली होती, ती लांबते आणि दोन तासांत झोळ पडतो. तुळशीबागेतला क्रोशाचा सुती दोरा ताठ राहतो. लायलॅक जांभळा, पक्षी तपकिरी. ताऱ्यासाठी पांढरा पांढऱ्या भिंतीवर दिसेना, जरीचा पिळे खाऊन तुटला. शेवटी फिकट पिवळा. टाचणीचं टोक ५ मिमीच्या पलीकडे निघून भिंत ओरखडते, म्हणून मागे सनबोर्डाचे उरलेले तुकडे चिकटवले.

एका टोकाला बांधून दुसऱ्या टोकाकडून ताणलं तर सगळे फलक मध्याकडे सरकतात आणि १० सेंमीचं अंतर ७-८ वर येतं. मधल्या, नवव्या फलकापासून सुरुवात करून दोन्हीकडे जा, आणि प्रत्येक टाचणीला एक वेढा द्या. ताण त्या त्या फटीपुरता राहतो. ज्या भागात प्रतीक येत नाही तिथे दोरा तोडू नका, फलकाच्या मागून न्या. तोडून गाठ मारलेली दिसते, आणि अर्थही चुकतो: दुसऱ्या भागात लायलॅक दिसत नसलं तरी ते संपलेलं नसतं.

तेराव्यावर तिन्ही दोरे समांतर, सोळाव्यावर वेणी. वेणीला तिन्ही दोऱ्यांची लांबी दीडपट मोकळी सोडा. तपकिरी दोरा तेवढा सोडला नव्हता, तो चौदाव्यापासून पुन्हा ओवावा लागला.

१५ एप्रिल

लोक 'कॅप्टन'च्या तक्त्याशी पटकन उरकतात आणि ताऱ्याच्या फलकाशी रेंगाळतात. पहिल्या फलकावरची रिकामी टाचणी बऱ्याच जणांना दोरा निसटलाय असं वाटली. दोघांनी तर तिथे दोरा अडकवायचाही प्रयत्न केला. दुपारी टाचणीशेजारी 'आठवण' एवढीच चिठ्ठी लावली, मग प्रश्न बदलले. शिक्षकांची मागणी एकच: परीक्षेसाठी लायलॅकचाही तक्ता द्या. दिला नाही, खुणांची यादी दिली.

१७ एप्रिल

खर्च: सनबोर्ड आणि कापणावळ ११०० रुपये, २२ छापील पानं प्रत्येकी ३५ प्रमाणे ७७०, वाया गेलेली चार पानं १४०, दोरे लोकरीसकट २४०, टाचण्या ९०, न चाललेली डबल टेप १८०. एकूण २५२० रुपये. स्पीकर उसना, नायलॉन दोरी वाचनालयाची. पुन्हा करणाऱ्याचे लोकर, टेप आणि चार पानांचे पैसे वाचतील.

फलक उभे ठेवा, आडवे रचले की टाचण्यांच्या मागचे तुकडे वरच्या फलकाच्या छपाईत रुततात. दोरे काढताना गुंडाळू नका, फलकांवरच ठेवून भाग १ ते ८ आणि भाग ९ ते १६ असे दोन गठ्ठे करा. नववा नेहमी वर.